लम्ब्रिजची गिरणी आणि यक्षाचं तळं

मंडळी, नमस्कार.

पाच नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन होऊन अजून आठवडा झालेला नाही. अशा वेळी सांगलीत उभं राहून बोलायचं आणि विष्णुदास भाव्यांचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसत नाही. पण मी ते नुसती रीत म्हणून घेत नाही. माझा विषय आहे संगणकावरचे, अनेकांनी मिळून खेळायचे, अद्भुत जगातले खेळ. त्या विषयाची सुरुवात माझ्या मनात तरी भाव्यांपासूनच होते.

१८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर ‘सीता स्वयंवर’ झालं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्या नाटकाला आजच्यासारखी संहिता नव्हती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. भाव्यांनी पदं रचली होती. सूत्रधारानं पद म्हणायचं, कथा पुढे न्यायची, आणि समोर उभ्या असलेल्या पात्रानं त्या पदाला धरून आपलं भाषण तिथल्या तिथे करायचं. नटाला एवढंच ठाऊक असायचं की आपण रावण आहोत, धनुष्य उचलायला आलोय आणि ते आपल्याला पेलणार नाही. मधलं सगळं त्याचं त्यानं बोलायचं. राक्षसपार्टी करणारे आरोळ्या ठोकत यायचे, म्हणून पुढच्या शिकलेल्या पिढीनं या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून नावं ठेवली. मला त्या नटांविषयी फार आदर वाटतो. पाठ केलेलं बोलणं वेगळं आणि ‘मी आत्ता या जागी असतो तर काय बोललो असतो’ हे उभ्या उभ्या ठरवणं वेगळं.

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, समोर गुहा आहे, आत कुणीतरी कण्हतंय. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतात, मी आत जातो, मी मशाल पेटवतो, मी पळून जातो. सांगणारा सूत्रधार, बाकीचे नट, आणि भाषणं ऐनवेळची. पुढे १९७८ साली इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी हाच प्रकार संगणकावर आणला. चित्रं नव्हती, नुसती अक्षरं होती. पण एकाच काल्पनिक जगात एका वेळी अनेक माणसं वावरत होती. आज ज्याला आपण ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष.

इथे आलेल्या बऱ्याच पालकांच्या मनात ‘ऑनलाइन गेम’ म्हटल्यावर दुसरंच काही येतं. पैसे लावायचे खेळ, त्यात बुडालेली पोरं. ते दुखणं खरं आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मी बोलतोय ते हे नव्हे.

माझी गोष्ट सांगतो. २००६ साली मी अकरावीत होतो. विश्रामबागेत कॉलेजच्या वाटेवर एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे आडोसे घालून केलेले आठ कप्पे, तासाला वीस रुपये, आणि काउंटरवर वहीत वेळ लिहायला बसलेले काका. तिथे मला रूनस्केप नावाचा खेळ भेटला. केंब्रिजच्या गोवर बंधूंनी तो २००१ साली सुरू केला होता. ब्राउझरमध्येच चालायचा, संगणकावर काही घालावं लागत नव्हतं, आणि त्याचा मोठा भाग फुकट होता. माझ्यासारख्या मुलाकडे ना कार्ड होतं ना डॉलर, त्यामुळे ते फुकट असणं फार मोलाचं होतं.

खेळ सुरू केला की आपण लम्ब्रिज नावाच्या गावात येतो. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक आचारी रडकुंडीला आलेला असतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय, आणि घरात ना अंडं, ना दूध, ना पीठ. तुम्ही आणून देणार का? बस, एवढंच. राक्षस मारायचा नाही, राजकन्या सोडवायची नाही. अंडं खुराड्याजवळ मिळतं. दुधासाठी बादली घेऊन गायीपाशी जायचं. पिठाची मात्र गंमत आहे. शेतातून गहू काढायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं, गहू चाड्यात टाकायचा, दांडा ओढायचा, मग दोन जिने उतरून खाली यायचं. तिथे पीठ पडलेलं असतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भांडंच नेलं नव्हतं. पीठ डोळ्यांसमोर आणि भरून घ्यायला काही नाही. परत किल्ल्यात गेलो, स्वयंपाकघरातलं मडकं उचललं, पुन्हा चालत आलो. वीस रुपयांतले सहासात रुपये त्या खेपेत गेले असतील, आणि ते पीठ मडक्यात पडलं तेव्हा जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही. आईनं दळण आणायला पाठवलं की कुरकुरणारा मुलगा होतो मी.

असं का झालं असावं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या जगात कामाला आणि फळाला जोडणारा दोरा डोळ्यांनी दिसतो. गहू टाकला, दांडा ओढला, पीठ पडलं. अकरावीच्या वर्षात तसं काही दिसत नाही. तिथे आपण दोन वर्षं गहू टाकत असतो आणि पीठ कुठल्या मजल्यावर पडतंय हे कुणी सांगत नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. त्या जगात पाऊल टाकणारा प्रत्येक जण सारखाच असतो. लढाईची पातळी तीन, अंगावर साधे कपडे. लंडनचा असो, सांगलीचा असो, बंगल्यातून खेळणारा असो की काउंटरवरच्या काकांना ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणून विनवणारा असो. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, ‘आडनाव काय तुमचं?’ त्या प्रश्नात काय काय दडलेलं असतं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्याबरोबर खेळणारा एक मित्र होता, त्याला हा प्रश्न आमच्यापेक्षा जास्त टोचायचा. तो त्या खेळात लोहारकाम शिकला. अनोळखी लोक त्याच्याकडे रांग लावून तलवारी करून मागायचे आणि आभार मानायचे. एकदा कॅफेतून बाहेर पडताना तो म्हणाला, “तिथं मी नुसता चांगला लोहार असतो रे.” या एका वाक्यापुढे मी त्या जगाच्या आकर्षणाबद्दल जास्त काही सांगू शकत नाही.

आता नीतीच्या प्रश्नाकडे येतो.

यक्षाचं तळं तुम्हाला आठवत असेल. चौघे भाऊ पाण्याकाठी मरून पडलेत. धर्मराजानं यक्षाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग यक्ष म्हणतो, एकाला उठवतो, कुणाला उठवू सांग. भीम नाही, अर्जुन नाही, युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक राहू दे. पुढे युद्ध दिसत असताना अर्जुन सोडून नकुल! लहानपणी कीर्तनात हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडायचा. कारण दोन्ही उत्तरं बरोबर होती. चांगलं आणि वाईट यांतून निवडायला फार अक्कल लागत नाही. दोन चांगल्यांतून एक सोडायचं असतं तेव्हा माणूस कळतो.

१९८५ साली रिचर्ड गॅरियट या अमेरिकन माणसानं ‘अल्टिमा’ मालिकेतला चौथा खेळ केला, आणि त्याची सुरुवात नेमकी अशीच केली. एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला सात प्रश्न विचारते. तुमच्याकडे कुणीतरी विश्वासानं न मोजता मोहरांची थैली दिलीय, अमक्याला पोचव म्हणून. वाटेत भिकारी भेटतो. एक नाणं काढून दिलं तर कुणाला कळणारही नाही. देणार, की थैली जशीच्या तशी पोचवणार? एका बाजूला सचोटी, दुसऱ्या बाजूला दया. असे आठ सद्गुण एकमेकांसमोर उभे करत करत शेवटी एक उरतो, आणि त्यावरून तुमचं पात्र ठरतं. शौर्य उरलं तर योद्धा. नम्रता उरली तर मेंढपाळ, आणि मेंढपाळाची सुरुवात सगळ्यांत खडतर. गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या एका शहराच्या अवशेषांत, एकट्यानं. जत-आटपाडीकडचे लोक इथे असतील तर त्यांना हे चटकन कळेल.

त्या खेळाच्या शेवटी मारायला कुणी महाराक्षस नाही. आठही गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं, शब्द आपलाच. पण त्यातली मला सगळ्यांत आवडणारी जागा एका दुकानात आहे. औषधी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते, नाणी तुम्हीच मोजून ठेवायची. दहाच्या जागी दोन ठेवली तरी ती काही म्हणत नाही. तुम्ही माल घेऊन बाहेर पडता. खेळ गप्प राहतो, पण तुमची सचोटी तिथे कमी होते, आणि ती भरून काढायला पुढे फार घाम गाळावा लागतो.

तरीही या खेळाला एक मर्यादा होती. ती आंधळी बाई खरी नव्हती. तिला फसवलं तर हिशेब यंत्र ठेवायचं, दुखायचं कुणाला नाही. १९९७ साली याच अल्टिमाचं जग ऑनलाइन आलं आणि त्यात हजारो खरी माणसं शिरली. आठ सद्गुणांच्या त्या राज्यात लोक एकमेकांना गाठून मारू लागले, लुटू लागले. नवा खेळाडू खाणीतून खनिज घेऊन निघाला की वाटेत दबा धरून बसलेले. कर्त्यांनी खुन्यांची नावं लाल केली, तरी भागलं नाही. शेवटी २००० साली जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत पूर्वीसारखंच, दुसरीत संमतीशिवाय कुणी कुणाला हात लावू शकणार नाही. बहुतेक लोक सुरक्षित जगात राहायला गेले, त्यांना मी दोष देत नाही. पण जुने खेळाडू अजून हळहळतात, की तिकडे चोर नव्हते म्हणून मग राखणदारही उरले नाहीत.

ही हळहळ मला पोकळ वाटत नाही, कारण रूनस्केपमध्ये मी तिचा दुसरा भाग स्वतः जगलो आहे.

त्या खेळात एक कामगिरी होती, एका फुटलेल्या ढालीची. ढालीचे दोन तुकडे दोन टोळ्यांकडे. तुम्हाला एकाच टोळीत जाता येतं. म्हणजे दुसऱ्या टोळीतला एक खरा खेळाडू शोधायचा, त्याच्यावर विश्वास टाकायचा, त्यानं तुमच्यावर टाकायचा. त्याशिवाय ढाल पुरी होत नाही. मला भेटला तो फिनलंडचा मुलगा होता, माझ्याच वयाचा. शस्त्रागाराची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली तेव्हा मी ती घेऊन पळून गेलो असतो तर त्याला काहीही करता आलं नसतं. मी पळालो नाही. मग आम्ही वर्षभर जोडीनं खेळलो. माझं इंग्रजी जेमतेम, त्याचंही तसंच. त्याच्याकडे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो हे त्यानं सांगितलं, आणि आमच्याकडे नदीला पूर आला की पाणी कुठवर चढतं ते मी सांगितलं.

एके दिवशी आम्ही करामजा बेटावरच्या ज्वालामुखीच्या पोटात, खालच्या गुहेत, लहान सैतानांशी लढत होतो आणि तो मेला. त्या खेळात तेव्हा मेलं की सगळ्यांत मौल्यवान तीन वस्तू आपल्याजवळ राहायच्या, बाकीच्या जागेवर पडायच्या आणि थोड्या वेळानं कुणालाही उचलता यायच्या. त्याचं निळसर रून धातूचं शिरस्त्राण आणि समशेर तिथे पडली. तो जिवंत झाला लम्ब्रिजमध्ये. तिथून बंदर, तीस नाणी देऊन होडी, मग पुन्हा गुहा. त्याचा निरोप आला, ‘उचलून ठेव, मी येतोय.’ मी उचललं.

आणि काकांनी आडोशावर टकटक केलं. तास संपला होता. खिशात पैसे होते. हे मी आज तुम्हाला सांगतोय, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. अजून अर्धा तास घेता आला असता. मी पडद्यावरच्या त्या दोन वस्तूंकडे पाहिलं. त्या मिळवायला मला आणखी दोन महिने लागले असते. मी बाहेर पडलो.

सायकलवरून घरी येताना मी स्वतःला सांगत होतो की खेळच आहे. घरी पोचेपर्यंत ते मला पटेनासं झालं होतं. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो तर मित्रांच्या यादीत त्याचं नाव हिरवं, म्हणजे तो आलेला होता. मी लगेच बाहेर पडलो. पुढे परीक्षा आल्या, बारावीचं वर्ष आलं आणि माझं खेळणं सुटलं. हे सुटणं आवश्यकही होतं. त्या खेळात तेव्हा कुठल्याही कौशल्याची वरची पातळी नव्व्याण्णव होती. तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ब्याण्णवाव्या पातळीला तुम्ही जेमतेम निम्म्यावर असता. त्या मधल्या सात पातळ्यांमध्ये कित्येक मुलांची वर्षं गेली आहेत. माझेही काही महिने गेले, आणि ते कुणी भरून देणार नाही.

बारावीची परीक्षा संपली, २००८ च्या मार्चमध्ये मी पुन्हा गेलो. परत द्यायचंच म्हणून गेलो. त्याचं नाव हिरवं होतं. मी लिहिलं, तुझं सामान माझ्याकडे आहे, माझी चूक झाली, घे. आम्ही भेटलो. मी देवाणघेवाणीत शिरस्त्राण ठेवलं, आणि खेळानं ते नाकारलं.

झालं होतं असं की मधल्या काळात खऱ्या पैशांनी खेळातलं सोनं विकण्याचा धंदा माजला होता, चोरलेली कार्डं वापरली जात होती. तो मोडायला कंपनीनं २००७ च्या डिसेंबरात खेळाडूंनी एकमेकांना मारण्याचा रानातला जुना प्रकार बंद केला, आणि २००८ च्या जानेवारीत नियम केला, की देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंच्या किमतीत तीन हजार नाण्यांपेक्षा जास्त फरक चालणार नाही. शिरस्त्राणाची किंमत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे त्याची वस्तू त्याला परत द्यायची तर मला ती त्याला विकावी लागणार होती. फसवणूक बंद झाली होती, आणि तिच्याबरोबर दान, भेट, उसनवारी आणि प्रायश्चित्तही बंद झालं होतं. तो थोडा वेळ थांबला. मग त्यानं लिहिलं, ‘राहू दे.’ आणि निघून गेला.

मंडळी, त्या दिवशी मला कळलं ते पुस्तकात वाचून कधी कळलं नसतं. चोरी अशक्य केली की प्रामाणिकपणाही अशक्य होतो. उरतो नुसता नियम. हे एकट्या माझं म्हणणं नाही. तीन वर्षं खेळाडूंनी तक्रारी केल्या, आणि २०१० च्या शेवटी कंपनीनं सार्वमत घेतलं. जुनी मोकळीक परत हवी का, धोक्यासकट? बारा लाखांहून जास्त मतं पडली आणि त्यांतली ९१ टक्के ‘हो’ म्हणाली. हे मत देणारे कोण होते? त्यांतल्या कित्येकांना त्या जुन्या मोकळिकीत कुणीतरी लुटलेलं होतं. लुटले गेलेले लोक म्हणत होते, आम्हाला फसवायची मुभा परत द्या, म्हणजे आम्हाला एकमेकांना काही देता येईल.

म्हणून मुलगा रात्री तोंडाला स्क्रीनचा उजेड घेऊन बसलेला दिसला की त्याला वेळेचं भान जरूर द्या, मीही माझ्या मुलीला देतो. पण एकदा शेजारी बसून विचारा, तिथे तुझ्यावर कोण विश्वास ठेवतं, आणि तू कुणाला फसवलंयस का. तो सांगेल. मला कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

मघापासून पहिल्या रांगेतल्या मुलीचा हात वर आहे. विचार, बाळ.

ती विचारतेय, सार्वमतानंतर तरी दिलंत का परत?

१ फेब्रुवारी २०११ ला मोकळी देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो, एका मित्राचा लॅपटॉप मागून घेतला होता. त्या संध्याकाळी लम्ब्रिजमध्ये उभा राहिलो. लोक नवख्यांना उगाचच वस्तू वाटत होते, नुसतं देता येतंय म्हणून. मी मित्रांची यादी उघडली. त्याचं नाव लाल होतं. समोरचा आलेला असेल तरच निरोप जातो, त्यामुळे लिहून ठेवायचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिलं, त्या महिन्यात रोज पाहिलं.

शिरस्त्राण आणि समशेर माझ्या तिथल्या बँकेत आहेत. मी ती कधी घातली नाहीत. अजूनही महिन्यातून एकदा जाऊन यादी उघडतो. गेल्या रविवारी उघडली होती.